चूक न्यायालयाची, शिक्षा कोणाला?

न्यायालये चुकतात ही गोष्ट नवी नाही. खालच्या न्यायालयाची चूक वरच्या न्यायालयाने दुरुस्त करावी यासाठीच तर अपिलाच्या पायऱ्या निर्माण झाल्या. पण सर्वांत वरचे न्यायालयच चुकले तर? आणि तेही एखाद्या खटल्यातील साक्षीपुराव्याबाबत नव्हे, तर खुद्द कायदा काय आहे हे सांगताना चुकले तर? इंग्लंडच्या फौजदारी कायद्याच्या गेल्या नव्वद वर्षांच्या इतिहासात हे एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. विशेष म्हणजे त्यांतील बहुतेक चुका पुढे त्याच न्यायपीठाने उघडपणे मान्य केल्या. या मोकळेपणाचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र चूक मान्य होईपर्यंत त्या चुकीच्या कायद्याखाली ज्यांना शिक्षा झाली, त्यांचे काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी इंग्लंडच्या कायद्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. मेकॉले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ज्या दंडसंहितेचा मसुदा तयार केला ती १८६० मध्ये भारताला मिळाली. इंग्लंडला स्वतःला तशी संहिता कधीच लाभली नाही. खुनाची समग्र व्याख्या तेथील कोणत्याही अधिनियमात आजही सापडत नाही. ती शतकानुशतकांच्या निवाड्यांतून घडत आली आहे. साहजिकच तेथे न्यायमूर्तींचा शब्द हा कायद्याचा अर्थ नसून कित्येकदा कायदाच असतो. असा शब्द चुकला की कायदाच चुकतो.

सोनेरी धागा

या इतिहासातील पहिला टप्पा १९३५ मधील वूलमिंग्टन खटल्याचा. रेजिनल्ड वूलमिंग्टन हा डॉर्सेट परगण्यातील एकवीस वर्षांचा शेतमजूर. त्याची सतरा वर्षांची पत्नी भांडण होऊन माहेरी निघून गेली होती. डिसेंबर १९३४ मध्ये तो मालकाची बंदूक घेऊन सायकलवरून सासुरवाडीस गेला आणि तेथे गोळी लागून ती मरण पावली. ‘परत आली नाहीस तर मी जीव देईन, असे तिला दाखवायला मी बंदूक नेली होती, ती चुकून उडाली,’ असा त्याचा बचाव होता. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या खटल्यात न्यायमूर्ती स्विफ्ट यांनी ज्यूरीला असे समजावून सांगितले की, आरोपीच्या हातून मृत्यू घडला एवढे सिद्ध झाले की तो खूनच मानायचा. तो अपघात होता हे पटवून देण्याची जबाबदारी आरोपीची. ज्यूरीने त्याला दोषी ठरविले आणि फाशीची शिक्षा झाली.

हे मार्गदर्शन न्यायमूर्तींनी मनाने रचलेले नव्हते. त्याला सर मायकेल फॉस्टर यांच्या १७६२ मधील ग्रंथाचा आधार होता आणि पिढ्यान्‌पिढ्या वकिलांनी तेच वाचले होते. अपील न्यायालयानेही ते उचलून धरले. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्‌सपुढे गेले तेव्हा मात्र लॉर्ड चॅन्सेलर सँकी यांनी तो आधारच काढून घेतला. इंग्लंडच्या फौजदारी कायद्याच्या विणीत एक सोनेरी धागा सर्वत्र दिसतो, तो म्हणजे गुन्हा शाबीत करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची, असे त्यांनी सांगितले. वेडाचा बचाव आणि संसदेने अधिनियमाने केलेले अपवाद सोडले, तर आरोपीने काहीही सिद्ध करण्याची गरज नाही. पुराव्यांती वाजवी शंका उरली की तो सुटलाच पाहिजे. वूलमिंग्टनची शिक्षा रद्द झाली.

या निवाड्याचा गौरव करताना एक विसंगती सहसा नजरेआड होते. धागा सर्वत्र दिसतो असे लॉर्ड सँकी म्हणाले खरे; पण स्विफ्ट यांच्यासारख्या अनुभवी न्यायमूर्तीला तो दिसला नव्हता आणि अपील न्यायालयालाही दिसला नव्हता. फॉस्टरच्या नियमानुसार ज्यांना तोवर फासावर चढविण्यात आले त्यांच्या दृष्टीने तो धागा नव्हताच. न्यायालय जेव्हा म्हणते की कायदा पहिल्यापासून असाच होता, तेव्हा जुन्या चुकीची जबाबदारी कोणाकडेच उरत नाही.

काल्पनिक शहाणा माणूस

पंचवीस वर्षांनी त्याच हाउस ऑफ लॉर्ड्‌सने या धाग्याला गाठ मारली. १९६० मध्ये लंडनमध्ये जिम स्मिथ नावाचा माणूस चोरीचा माल मोटारीतून नेत असताना पोलीस शिपायाने त्याला हटकले. त्याने मोटार पळविली; शिपाई मोटारीला लटकून राहिला; मोटार नागमोडी धावू लागली, तेव्हा तो फेकला गेला आणि समोरून येणाऱ्या दुसऱ्या वाहनाखाली सापडून मेला. स्मिथचे म्हणणे असे की, घाबरून पळ काढण्यापलीकडे आपल्या मनात काही नव्हते. १९५७ च्या अधिनियमानुसार कर्तव्यावरील पोलिसाचा खून ही फाशीची बाब होती. अपील न्यायालयाने खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरवून दहा वर्षांची कैद दिली. हाउस ऑफ लॉर्ड्‌सने खुनाचा निर्णय पुन्हा कायम केला. लॉर्ड किल्म्यूर यांच्या मते आरोपीच्या मनात प्रत्यक्षात काय होते हे पाहण्याचे कारण नव्हते; सामान्य, समंजस माणसाला अशा कृत्याचा परिणाम काय होईल असे वाटले असते, एवढेच पाहणे पुरेसे होते.

स्मिथ प्रत्यक्षात फासावर गेला नाही. परंतु या निर्णयाचा तात्त्विक अर्थ भयंकर होता. ज्याच्या गळ्यात फास पडायचा त्याचे मन तपासायचे नाही, एका काल्पनिक शहाण्या माणसाचे मन तपासायचे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. इंग्लंडमधील विधिपंडितांनी त्यावर टीकेची झोड उठविली. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९६३ मध्ये, सरन्यायाधीश सर ओवेन डिक्सन यांच्या तोंडून, हा निर्णय आपण अनुसरणार नाही असे स्पष्ट बजावले. लंडनचा शब्द प्रमाण मानण्याची तेथील परंपरा लक्षात घेता ही साधी घटना नव्हती. अखेर १९६७ मध्ये संसदेने अधिनियम करून, कृत्याचा स्वाभाविक परिणाम आरोपीला अभिप्रेत होताच असे मानण्यास ज्यूरी बांधलेली नाही, असे ठरविले.

न्यायमूर्तींची कबुली

दरम्यान १९६६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने एक महत्त्वाची घोषणा केली होती. तोवर स्वतःच्या पूर्वीच्या निर्णयांनी हे न्यायपीठ स्वतःच बांधले गेलेले होते. चूक कळली तरी ती दुरुस्त करण्यासाठी संसदेकडे पाहावे लागे. यापुढे योग्य वाटल्यास आपण आपल्या पूर्वनिर्णयापासून दूर जाऊ, असे त्याने जाहीर केले. अर्थात फौजदारी कायद्यात निश्चितीची विशेष गरज असते, अशी पुस्तीही त्या घोषणेला जोडलेली होती.

फौजदारी बाबतीत या अधिकाराचा ठळक वापर झाला तो १९८६ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी हाउस ऑफ लॉर्ड्‌सने एका स्त्रीला निर्दोष ठरविले होते. तिने एक व्हिडिओ रेकॉर्डर चोरीचा आहे असे समजून घेतला होता. तो चोरीचा होता हे मात्र सिद्ध झाले नाही. जो गुन्हा घडणेच शक्य नव्हते त्याचा प्रयत्न कसा होईल, असा तर्क बहुमताने केला. १९८१ च्या नव्या अधिनियमाशी तो विसंगत होता. केंब्रिजचे नामवंत विधिपंडित ग्लॅनव्हिल विल्यम्स यांनी लेख लिहून त्या निर्णयाचे वाभाडे काढले. पुढे शिवपुरी नावाच्या गृहस्थाचे प्रकरण आले. भारतात आला असता त्याला एकाने गाठले आणि इंग्लंडमध्ये पोचणारी एक पेटी ताब्यात घेण्याचे काम पैशांच्या बोलीवर त्याच्यावर सोपविले. पेटीत मादक पदार्थ आहेत असे तो समजत होता. रासायनिक तपासणीत ती निरुपद्रवी वनस्पतीची भुकटी निघाली. यावेळी प्रमुख निवाडा लॉर्ड ब्रिज यांनी दिला. आदल्या वर्षीच्या चुकीच्या बहुमतात आपण स्वतः होतो हे त्यांनी सांगितले, विल्यम्स यांच्या लेखाची भाषा सौम्य नव्हती असा चिमटा काढीत त्याचे ऋणही मान्य केले, आणि एक वर्षाचा निर्णय रद्द केला. शिवपुरीची शिक्षा कायम राहिली.

एका प्राध्यापकाच्या टीकेपुढे देशातील सर्वोच्च न्यायपीठाने मान तुकवावी, हे दृश्य कोणत्याही शिक्षकाला सुखावणारे आहे. येथे दुरुस्ती आरोपीच्या विरोधात गेली हेही विसरता कामा नये. त्याने कृत्य केले तेव्हा निर्णय वेगळाच असता तरी सुधारलेला कायदा त्याला लागू झाला असता. म्हणजे आरोपीच्या विरुद्ध जाणारी दुरुस्ती मागील कृत्यांना लागू पडते. मग त्याच्या बाजूने जाणारी दुरुस्ती मागील शिक्षांना का लागू पडू नये? पुढच्या दोन प्रकरणांत हा प्रश्न अधिक टोकदार झाला.

दोन मुले आणि एक कचरापेटी

१९८१ च्या कॉल्डवेल खटल्यात मद्याच्या नशेत हॉटेलला आग लावणाऱ्या एका माजी नोकराचा प्रश्न होता. ‘बेदरकारपणा’ म्हणजे काय, याचे उत्तर देताना लॉर्ड डिप्लॉक यांनी स्मिथ खटल्यातील काल्पनिक शहाण्या माणसाला दुसऱ्या दाराने आत घेतले. सामान्य समंजस माणसाला जो धोका दिसला असता तो आरोपीच्या ध्यानात आला नसला तरी तो बेदरकारच, असे बहुमताने ठरले. दोन न्यायमूर्ती असहमत होते.

या नियमाची फळे दोनच वर्षांत दिसली. रात्रभर न झोपलेली, बेताच्या बुद्धीची एक चौदा वर्षांची मुलगी एका बागेतल्या शेडमध्ये शिरली, तेथील स्पिरिट तिने जमिनीवर ओतले आणि काडी लावली. शेड भस्मसात झाली. तिला धोक्याची कल्पना नव्हती आणि विचार करूनही ती आली नसती, असे दंडाधिकाऱ्यांना आढळले व त्यांनी तिला सोडून दिले. वरच्या न्यायालयाने मात्र, शहाण्या प्रौढ माणसाला जे कळले असते तेच येथे लागू, असे म्हणून तिला दोषी ठरविण्यास सांगितले. न्यायमूर्ती रॉबर्ट गॉफ यांनी आपली नाराजी लपविली नाही. परंतु पूर्वनिर्णयाने त्यांचे हात बांधलेले होते.

हा नियम आणखी वीस वर्षे टिकला. ऑगस्ट २००० मध्ये न्यूपोर्ट पॅग्नेल या गावी अकरा आणि बारा वर्षांची दोन मुले घरी न सांगता रात्री बाहेर पडली. एका दुकानाच्या मागच्या आवारात त्यांनी वर्तमानपत्रे पेटविली आणि जळते कागद कचरापेटीखाली टाकून ती निघून गेली. कागद आपोआप विझतील असे त्यांना वाटले होते. आग पेटीतून छपराला लागली आणि सुमारे दहा लाख पौंडांचे नुकसान झाले. मुले दोषी ठरली. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ती शिक्षा रद्द केली आणि कॉल्डवेलचा नियमही मोडीत काढला. लॉर्ड बिंगहॅम यांचा युक्तिवाद साधा होता. ज्याला धोका कळलाच नाही त्याला मूर्ख म्हणावे, कल्पनाशून्य म्हणावे. त्याला गुन्हेगार म्हणता येत नाही.

चुकीचे वळण

सर्वांत मोठी दुरुस्ती मात्र याच्याही नंतरची. १९८४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे हाँगकाँगहून एक अपील आले होते. तिघे जण चाकू घेऊन एका घरात शिरले आणि त्यात एकाचा खून झाला. प्रत्यक्ष वार न करणाऱ्या साथीदारालाही खुनी केव्हा म्हणायचे? साथीदार असे काही करील याची ज्याला कल्पना होती आणि तरीही जो बरोबर राहिला तोही खुनाचा गुन्हेगार, असे प्रिव्ही कौन्सिलने सांगितले. १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो नियम इंग्लंडसाठी पक्का केला. परिणाम विचित्र झाला. ज्याने सुरा चालविला त्याचा ठार मारण्याचा किंवा गंभीर इजा करण्याचा हेतू सिद्ध करावा लागे. जो शेजारी उभा होता त्याला केवळ तशी शक्यता दिसली होती, एवढे पुरे होई. इंग्लंडमध्ये खुनाला जन्मठेप अपरिहार्य असल्याने दोघांनाही शिक्षा तीच.

लेस्टर शहरातील २०११ च्या एका घटनेतून हा नियम कोसळला. अमीन जोगी आणि त्याचा मित्र मध्यरात्रीनंतर एका घरी गेले. मित्राने आत जाऊन स्वयंपाकघरातील सुरीने एकाला भोसकले; जोगी त्या वेळी दाराशी बाटली उगारून त्याला चिथावत होता. दोघेही खुनाचे दोषी ठरले. हाउस ऑफ लॉर्ड्‌सच्या जागी २००९ पासून आलेल्या सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०१६ रोजी एकमताने सांगितले की, १९८४ मध्ये कायद्याने चुकीचे वळण घेतले. साथीदार काय करील याची कल्पना असणे हा हेतूचा पुरावा असू शकतो. पण ती कल्पना म्हणजेच हेतू नव्हे. जोगीचा खटला पुन्हा चालला, तो सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला आणि जन्मठेपेऐवजी त्याला बारा वर्षांची कैद झाली.

या मधल्या बत्तीस वर्षांत त्याच नियमाखाली जन्मठेप भोगणाऱ्यांनी साहजिकच न्यायालयाकडे धाव घेतली. त्यांना मिळालेले उत्तर निराळे होते. ज्यांच्या अपिलाची मुदत टळून गेली आहे त्यांना केवळ कायदा चुकीचा होता एवढे दाखवून चालणार नाही. त्यामुळे आपल्यावर ‘भरीव अन्याय’ झाला हे त्यांनी पटविले पाहिजे, असे अपील न्यायालयाने २०१६ मध्येच ठरविले. या कसोटीला उतरणारी प्रकरणे अगदी विरळ निघाली. म्हणजे ज्या देशाने आरोपीच्या डोक्यावरून पुराव्याचे ओझे उतरविल्याचा अभिमान १९३५ पासून बाळगला, त्या देशातच चूक न्यायालयाची आणि ती घातक ठरली हे पटविण्याचे ओझे मात्र कैद्यावर पडले.

अंतिमतेची किंमत

न्यायालयाची बाजू अगदीच लंगडी नाही. वादाला कुठेतरी अंत हवा. प्रत्येक दुरुस्तीबरोबर जुने सर्व खटले उघडावे लागतील असे दिसले, तर दुरुस्ती करण्यासच न्यायालये धजणार नाहीत. साक्षीदार मरतात, आठवणी पुसट होतात, मृताच्या आप्तांना पुन्हा त्याच यातनांतून जावे लागते. व्यवहारात अंतिमतेला मोल आहे आणि दिवाणी दाव्यांत ते निर्विवाद मानले जाते.

परंतु जमिनीचा दावा आणि जन्मठेप यांत एक मूलभूत फरक आहे. जमिनीचा निकाल एकदा लागून संपतो. कैदेची शिक्षा रोज नव्याने दिली जात असते. ज्या नियमाला सर्वोच्च न्यायालयाने चुकीचा म्हटले त्याच नियमाच्या जोरावर उद्या सकाळीही कोठडीचे दार बंद राहणार असेल, तर ती चूक भूतकाळातली राहत नाही. म्हणून शिक्षा भोगून सुटलेले आणि अद्याप आत असलेले यांत भेद करणे न्याय्य ठरेल. जे आत आहेत त्यांच्याबाबत एकच प्रश्न विचारावा: योग्य कायदा सांगितला असता तर ज्यूरीने हाच निर्णय दिला असता याची खात्री आहे काय? नसेल तर खटला पुन्हा चालवावा. त्याने सर्वजण सुटणार नाहीत. जोगीही सुटला नाही. पण ज्याला सदोष मनुष्यवधाची शिक्षा व्हावयास हवी होती त्याला खुनी म्हणून जन्मभर डांबून ठेवण्याचे पाप तरी टळेल.

आपल्याकडे काय?

हे सारे दूरच्या देशातले आहे असे समजण्याचे कारण नाही. मुंबईत १९५९ मध्ये गाजलेल्या नानावटी खटल्यात बचाव वूलमिंग्टनसारखाच होता: झटापटीत पिस्तूल उडाले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये जन्मठेप कायम करताना वूलमिंग्टन खटल्याचा सविस्तर विचार केला. भारतातही निर्दोषत्वाचे गृहीतक आहे, परंतु अपघातासारख्या अपवादांचा आधार घ्यायचा तर पुरावा अधिनियमानुसार ती जबाबदारी आरोपीची, असे न्यायालयाने सांगितले. मात्र त्याने दिलेल्या पुराव्यातून खुनाच्या हेतूबद्दलच शंका निर्माण झाली तर तिचा फायदा त्याला मिळेल. १ जुलै २०२४ पासून नवे अधिनियम लागू झाले तरी हा नियम त्यांत कायम आहे.

साथीदारांच्या प्रश्नाचेही तसेच. ‘समान उद्देश’ आणि ‘सारखा उद्देश’ यांतील सीमारेषा सूक्ष्म असली तरी ओलांडता येणार नाही, असा इशारा प्रिव्ही कौन्सिलने १९४५ मध्ये महबूब शाह प्रकरणात भारतीय न्यायालयांना दिला होता. तरीही बेकायदा जमावातील प्रत्येकाला, अमुक गुन्हा घडण्याचा संभव आहे हे ठाऊक होते एवढ्यावरून, त्या गुन्ह्यासाठी दोषी धरण्याची तरतूद जुन्या संहितेतून नव्या न्याय संहितेत जशीच्या तशी आली आहे. लंडनने २०१६ मध्ये जे वळण चुकीचे म्हणून सोडले त्याच्या बरेच जवळून जाणारा हा रस्ता आहे. ज्या हाँगकाँगमधील खटल्यातून तो नियम जन्मला त्या हाँगकाँगच्या अंतिम न्यायालयाने आणि १९६३ मध्ये लंडनला धडा देणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये जुनाच नियम पसंत केला. म्हणजे या प्रश्नावर विद्वानांत मतभेदाला जागा आहे. परंतु जमावात उभ्या असलेल्या प्रत्येक तरुणाच्या मनात नेमके काय होते हे तपासण्याचे कष्ट न घेता त्याला खुनी ठरविण्याइतके ते मतभेद स्वस्त नाहीत.

न्यायालयाने आपली चूक कबूल करणे हे त्याच्या थोरवीचे लक्षण होय. वूलमिंग्टनपासून जोगीपर्यंतच्या निवाड्यांनी ती थोरवी सिद्ध केली आहे. आता उरली आहे ती कबुलीची दुसरी अर्धी बाजू. सावकाराने हिशेबातली चूक मान्य करायची आणि जादा घेतलेली रक्कम मात्र परत करायची नाही, याला कोणी प्रामाणिकपणा म्हणत नाही. येथे तर रक्कम रुपयांत नसून माणसाच्या आयुष्यातील वर्षांत मोजायची आहे.